जास्त दुवे, म्हणून अत्यावश्यक? यीस्टच्या प्रथिनजाळ्यातल्या एका निष्कर्षाची उलटतपासणी

मे २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये जेमतेम दोन पानांचा एक लेख आला. हावूंग जियाँग, शॉन मेसन, आल्बर्ट-लास्लो बाराबासी आणि झोल्टान ओल्टवाई या चौघांनी यीस्टमधल्या १८७० प्रथिनांचं जाळं मांडलं होतं. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक बिंदू, आणि दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात असं प्रयोगात दिसलं की त्यांच्यामध्ये एक रेघ. अशा रेघा होत्या २२४०. एखादं जनुक काढून टाकलं तर यीस्ट जगतं की मरतं, ही माहिती मग त्यांनी या बिंदूंवर चढवली. पाच किंवा त्याहून कमी दुवे असलेली प्रथिनं ९३ टक्के निघाली आणि त्यांतली २१ टक्के अत्यावश्यक होती. पंधराहून जास्त दुवे असलेली प्रथिनं फक्त ०.७ टक्के, पण त्यांतली ६२ टक्के अत्यावश्यक. थोडक्यात, जाळ्यात ज्याला जास्त दुवे, त्याच्या जाण्यानं पेशी मरण्याची शक्यता जास्त.

निष्कर्ष उचलला गेला आणि खूप फिरला. त्याचं आकर्षण कळण्यासारखं आहे: प्रथिनाचं काम काय, आकार कसा, पेशीत ते कुठं असतं, यातलं काहीही माहीत नसताना केवळ रेघा मोजून त्याचं महत्त्व सांगता येतं असं तो म्हणत होता. पुढच्या दहा वर्षांत त्याची जी उलटतपासणी झाली ती या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यानं बारकाईनं पाहावी असं मला वाटतं. आकडेमोड चुकली नव्हती. पण ती एक रेघ अनेक वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरली गेली होती, आणि त्या सुट्या करायला शेवटी अणूंच्या पातळीवरची रचनाच कामाला आली.

आधी ते ६२ टक्के बघू. १८७० चे ०.७ टक्के म्हणजे तेरा प्रथिनं. ज्यांची जगण्या-मरण्याची नोंद उपलब्ध होती तेवढ्यांपुरतं धरलं तर त्याहूनही कमी. म्हणजे ६२ टक्के याचा अर्थ सात किंवा आठ प्रथिनं. त्यातलं एक इकडचं तिकडं झालं तर टक्केवारी सात-आठ अंकांनी हलते. लेखाचा भर अर्थातच या टोकावर नव्हता, दुवे वाढत जातात तसं अत्यावश्यकतेचं प्रमाण चढत जातं या कलावर होता, आणि तो कल खरा होता. पण पुढं व्याख्यानांमधून आणि पाठ्यपुस्तकांमधून फिरले ते हेच दोन आकडे.

रेघ येते कुठून

त्या काळात दुवे मुख्यतः दोन प्रकारच्या प्रयोगांतून यायचे. पहिला यीस्ट टू-हायब्रिड. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये आणलेली ही पद्धत. गॅल४ नावाच्या प्रथिनाचे दोन तुकडे करायचे. एक डीएनएला धरणारा, दुसरा जनुक चालू करणारा. एका तुकड्याला प्रथिन ‘अ’ जोडायचं, दुसऱ्याला ‘ब’. अ आणि ब एकमेकांना धरतात तेव्हा दोन्ही तुकडे जवळ येतात, खुणेचं जनुक चालू होतं आणि वसाहत वाढते. यातून मिळणारा दुवा बहुतेक वेळा थेट, दोघांमधला असतो. मात्र ‘अ’ ला स्वतःच जनुक चालू करायची खोड असेल तर ‘ब’ नसतानाही वसाहत उगवते, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर एका बिंदूला डझनावारी खोट्या रेघा चिकटतात. पीटर उएट्झ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये याच पद्धतीनं १००४ प्रथिनांमध्ये ९५७ जोड्या दाखवल्या. ताकाशी इतो यांच्या गटानं २००१ मध्ये ३२७८ प्रथिनांमध्ये ४५४९ जोड्या दिल्या, पण त्यांनीच भरवशाचा गाभा म्हणून वेगळ्या काढलेल्या जोड्या आठशेच्या थोड्या वर होत्या. दोन्ही गटांच्या याद्या एकमेकींवर ठेवल्या तर सामाईक भाग अगदी लहान.

दुसरा प्रकार संकुल, म्हणजे एकत्र जोडलेल्या प्रथिनांचा गठ्ठा, ओढून काढण्याचा. एका प्रथिनाला खूण लावायची, त्या खुणेला धरून ते पेशीतून बाहेर काढायचं आणि त्याच्याबरोबर जे जे आलं ते वस्तुमान वर्णपटमापीनं ओळखायचं. २००२ मध्ये यीस्टवर असे दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. यातून मिळते ती यादी असते, जोड्या नसतात. यादीच्या जोड्या करायचं काम संगणकावर बसलेला माणूस करतो, आणि त्याच्यापुढं दोन वाटा असतात. खूण लावलेल्या प्रथिनापासून बाकी प्रत्येकापर्यंत एकेक रेघ काढायची, किंवा यादीतल्या सगळ्यांना सगळ्यांशी जोडून टाकायचं.

जनुकांवरून आरएनए बनवणाऱ्या, यीस्टच्या आरएनए पॉलिमरेज-२ या संकुलात १२ घटक असतात. पहिल्या वाटेनं गेलात तर ११ रेघा, दुसऱ्या वाटेनं ६६. एका छायाचित्रात बारा जण दिसले म्हणून बाराही जणांची एकमेकांशी ओळख आहे असं धरण्यासारखं हे आहे. आणि या बारांपैकी दहा अत्यावश्यक आहेत. फक्त आरपीबी४ आणि आरपीबी९ काढली तरी यीस्ट, थोडं आजारी का होईना, जगतं. म्हणजे दुसरी वाट धरणाऱ्याच्या जाळ्यात एका फटक्यात प्रत्येकी अकरा दुव्यांचे बारा बिंदू येतात आणि त्यांतले दहा अत्यावश्यक निघतात. ‘जास्त दुवे, म्हणून अत्यावश्यक’ या कलात अशा मोठ्या, मूलभूत कामं करणाऱ्या संकुलांचा वाटा किती असेल, याचा अंदाज इथं येतो.

यात आणखी एक भर पडते ती अभ्यासकांच्या आवडीची. जे जनुक काढल्यावर पेशी मरते त्याच्यावर जास्त लोक काम करतात, जास्त प्रयोग होतात, म्हणून त्याचे जास्त भागीदार छापून येतात. मानवी जाळ्यात, कर्करोगाच्या संदर्भात खूप अभ्यासल्या गेलेल्या पी५३ सारख्या प्रथिनांचं हेच झालंय. लिखित साहित्यातून गोळा केलेल्या जाळ्यात दुव्यांची संख्या हे काही अंशी प्रसिद्धीचं माप असतं. स्टेफान कूलोंब आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असे कल वजा केल्यावर दुवे आणि अत्यावश्यकता यांच्यातलं नातं बरंच फिकं पडतं असं दाखवलं. त्याआधीच, २००२ मध्ये, क्रिस्टियन फॉन मेरिंग आणि सहकाऱ्यांनी यीस्टसाठी तोवर सुचवलेल्या सुमारे ८०,००० दुव्यांची झडती घेतली होती. एकाहून जास्त पद्धतींनी दुजोरा मिळालेले सुमारे २,४०० निघाले. अर्थात, उरलेले सगळे खोटे असं यातून निघत नाही. पद्धतीपद्धतीला वेगळ्या जातीचे दुवे सापडतात हेही त्यामागचं एक कारण आहे.

तीन उत्तरं, तिन्ही वेगळी

कल का दिसतो याची पहिली नेटकी पर्यायी मांडणी शिओंगलेई हे आणि जियांझी झांग यांनी २००६ मध्ये केली. त्यांचं म्हणणं असं की मारक असतो तो दुवा. जाळ्यातल्या सुमारे ३ टक्के रेघा अशा आहेत की त्या तुटल्या तर पेशी मरते, आणि त्या जाळ्यात कुठंही विखुरलेल्या आहेत. ज्याच्याकडं रेघा जास्त, त्याच्या वाट्याला अशी एखादी येण्याची शक्यता जास्त, बास. जाळ्याच्या मध्याशी असण्याचा त्यात काही संबंध नाही. त्यांच्या हिशेबानं ४३ टक्क्यांच्या आसपास अत्यावश्यक जनुकांचा खुलासा एवढ्यानं होतो.

दोन वर्षांनी एलेना झोटेन्को, टेरेसा प्रिटिका आणि सहकाऱ्यांनी याला हरकत घेतली. मारक रेघा अशा स्वैर विखुरलेल्या नसतात. अत्यावश्यक प्रथिनं एकमेकांशी घट्ट जोडलेल्या, एकच काम करणाऱ्या गटांमध्ये दाटीवाटीनं बसलेली असतात. मोठ्या गटात बसलेल्याला साहजिकच दुवे जास्त मिळतात. वर पॉलिमरेजचा जो हिशेब केला तो याच बाजूनं बोलतो, आणि मला ही मांडणी हे-झांग यांच्यापेक्षा जास्त पटते.

त्याच २००८ मध्ये मार्क विडाल यांच्या गटानं सगळ्यात सरळ चाचणी केली. हाययुआन यू आणि सहकाऱ्यांनी यीस्ट टू-हायब्रिड नव्यानं, खोट्या रेघा गाळत, काटेकोरपणे केला आणि आधीच्या दोन याद्यांमधला भरवशाचा भाग त्यात मिळवला. २०१८ प्रथिनं, २९३० थेट दुवे. या जाळ्यात दुव्यांची संख्या आणि अत्यावश्यकता यांचं नातं दिसलंच नाही! दिसलं ते वेगळंच: जास्त दुवे असलेलं प्रथिन काढलं की यीस्टच्या वागण्यात अनेक वेगवेगळ्या परिस्थितींत बिघाड दिसतात. अनेक कामांत हात असणं आणि एका कामाशिवाय जगणं अशक्य असणं, या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या.

पृष्ठभाग मोजले तेव्हा

इथवरचा सगळा वाद रेघांच्या भाषेत झाला. रेघेला जाडी नसते, जागा नसते. प्रथिनाला असते. त्याच्या पृष्ठभागावर ठरावीक जागीच दुसरं प्रथिन बसू शकतं, आणि एकाच जागी एका वेळी दोघं बसू शकत नाहीत. हे शाळकरी वाटणारं सत्य जाळ्याच्या गणितात आणायचं काम फिलिप किम, लाँग लू, यू शिया आणि मार्क गर्स्टाइन यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखात केलं. ज्या दुव्यांसाठी स्फटिकरचना (प्रथिनांच्या स्फटिकांवरून काढलेली अणूंच्या पातळीवरची रचना) उपलब्ध होती, किंवा जवळच्या नात्यातल्या प्रथिनांच्या रचनेवरून अंदाज करता येत होता, तेवढेच दुवे त्यांनी ठेवले. जाळं आकसलं, पण प्रत्येक रेघ आता पृष्ठभागावरच्या एका ठिकाणाला बांधलेली होती. मग हबचे, म्हणजे खूप दुवे असलेल्या प्रथिनांचे, दोन ढीग झाले: अनेक भागीदारांना एक-दोन जागांवरच आळीपाळीनं धरणारे, आणि अनेक वेगवेगळ्या जागांवर एकाच वेळी धरणारे. अत्यावश्यकतेचा कल दुसऱ्या ढिगाला चिकटलेला निघाला. अनेक जागांचे हब हे मोजक्या जागांच्या हबपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात अत्यावश्यक होते. २००१ च्या लेखात दुव्यांची संख्या म्हणून जे दिसलं होतं त्याच्या मागं, यांच्या मते, वेगळ्या संपर्कपृष्ठांची संख्या होती.

हे वर्गीकरण उपयोगाचं आहे, पण त्याला प्रत्यक्ष प्रथिनांवर घासून बघायला हवं. मी नेहमी दोन उदाहरणं घेतो.

पहिलं पीसीएनए, यीस्टमधलं जनुक पोल३०. तीन सारख्या साखळ्यांचं कडं, डीएनएभोवती अडकवलेलं. प्रत्येक साखळीवर, तिच्या दोन भागांना सांधणाऱ्या लवचिक पट्ट्याखाली, एक पाणटाळू खळगा आहे. भागीदार प्रथिनं आपल्या अंगावरचा आठ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा त्या खळग्यात रोवतात. तुकड्याचा साचा ठरलेला: सुरुवातीला ग्लुटामीन, मध्ये एक पाणटाळू अवशेष आणि शेवटी फेनिलअ‍ॅलनीन किंवा टायरोसीनची जोडी. डीएनए पॉलिमरेज डेल्टा, डीएनएचं सुटं टोक (फ्लॅप) कापणारं रॅड२७, तुकडे जोडणारं लायगेज सीडीसी९, डीएनएतल्या चुकीच्या जोड्या ओळखणारं एमएसएच६, सगळे याच खळग्याचे गिऱ्हाईक. जाळ्यात हा दणदणीत हब. रचनेत बघाल तर एका कड्यावर असे खळगे तीनच, म्हणजे एका वेळी या मार्गानं तिघांनाच जागा. किम यांच्या वर्गीकरणात हा मोजक्या जागांचा हब ठरतो, पण पोल३० अत्यावश्यक आहे. म्हणजे वर्गीकरण कल सांगतं, निकाल देत नाही. शिवाय जनुक काढलं की कडंच जातं आणि सगळे दुवे एकदम तुटतात. रॅड२७ किंवा एमएसएच६ ही भागीदार मंडळी एकेकटी काढली तर यीस्ट जगतं. बिंदू पुसणं आणि एक रेघ पुसणं हे प्रयोग म्हणून फार वेगळे आहेत. विडाल यांच्या गटानं २००९ मध्ये माणसातल्या आनुवंशिक आजारांबाबत हाच फरक मांडला: काही उत्परिवर्तनांनी प्रथिन मुळातच नाहीसं होतं, काहींनी त्याचा एखादाच दुवा सुटतो, आणि एकाच जनुकातून दोन वेगळे आजार उद्भवू शकतात.

दुसरं उदाहरण प्रोटिअसोमच्या २०एस गाभ्याचं. टाकाऊ प्रथिनं तोडणारं हे पिंप. सात-सात घटकांची चार वलयं एकावर एक रचलेली; बाहेरची दोन अल्फा घटकांची, आतली दोन बीटा घटकांची. यीस्टमध्ये सातही अल्फा वेगवेगळे, सातही बीटा वेगवेगळे, म्हणजे १४ जनुकं. मिखाएल ग्रोल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची स्फटिकरचना २.४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. सगळ्यांना सगळ्यांशी जोडणाऱ्या वाटेनं गेलात तर १४ घटकांच्या ९१ रेघा होतात, प्रत्येकाला १३. रचनेत मात्र एखादा अल्फा घटक आपल्या वलयातल्या दोन शेजाऱ्यांना आणि लगतच्या बीटा वलयातल्या एक-दोघांना भिडतो. समोरच्या टोकाच्या अल्फा वलयाला त्याचा स्पर्शही होत नाही.

आता अत्यावश्यकता बघा. चौदापैकी तेरा जनुकं अत्यावश्यक आहेत. ती काही प्रत्येकाच्या रासायनिक कामामुळं नव्हे, कारण प्रथिन तोडायचं काम फक्त बीटा१, बीटा२ आणि बीटा५ करतात. बीटा१ ची तोडण्याची क्षमता एका अमिनो आम्लाच्या बदलानं घालवली तरी यीस्ट बऱ्यापैकी वाढतं. बीटा१ चं जनुकच काढलं तर मरतं. पिंपाची एक फळी गेली की पिंप उभंच राहत नाही, आणि मारक आहे ते हे.

मग चौदावं, अल्फा३ चं जनुक प्री९, काढल्यावर यीस्ट कसं जगतं? जाळ्याकडं बघून याचं उत्तर मिळणं शक्य नाही. अल्फा३ चे दुवे भावंडांइतकेच, गटही तोच, वलयातल्या जागेतही वेगळं काही नाही. उत्तर मार्क हॉकस्ट्रासर यांच्या प्रयोगशाळेनं २००४ मध्ये दाखवलं: अल्फा३ नसलं की त्याच्या रिकाम्या जागी शेजारच्या अल्फा४ ची आणखी एक प्रत जाऊन बसते. वलय सातचंच राहतं, पिंप उभं राहतं. सातही अल्फा एकमेकांचे नातेवाईक आहेत, सगळ्यांची घडण जवळपास सारखी, तरी ही बदली इतर सहा जागांना मिळत नाही. अल्फा३ च्या जागेला मात्र अल्फा४ चा पृष्ठभाग चालून जातो. हे समजायला संपर्कपृष्ठं मोजूनही भागत नाही. कोणतं पृष्ठ दुसऱ्या कुणाला स्वीकारेल, हे विचारावं लागतं.

आता अंदाजी रचनांच्या काळात

किम यांच्यापुढची मोठी अडचण रचनांच्या तुटवड्याची होती. ती आता बरीच सैल झालीय. २०२१ मध्ये इयन हम्फ्रीज, चियान काँग, डेव्हिड बेकर आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी यीस्टच्या ८३ लाख जोड्या संगणकावर चाळल्या. सगळ्या, म्हणजे सुमारे ६,००० प्रथिनांच्या जोड्या होतात १ कोटी ८० लाख. त्यांनी इतर जीवांत पुरेसे नातेवाईक सापडतात अशी प्रथिनं घेतली, कारण पद्धतच त्यावर उभी आहे. दोन प्रथिनं खरोखर भिडत असतील तर उत्क्रांतीत एकाच्या पृष्ठावर बदल झाला की दुसऱ्याच्या पृष्ठावर त्याला सांभाळून घेणारा बदल टिकून राहतो. असंख्य प्रजातींचे क्रम शेजारी शेजारी मांडले की या जोडीनं होणाऱ्या बदलांचा माग लागतो. क्रमावरून रचनेचा अंदाज करणाऱ्या दोन संगणकी प्रणाली वापरल्या: आधी रोझेटाफोल्डनं वरवर चाळणी, मग उरलेल्यांवर अल्फाफोल्ड. १,५०५ जोड्या भिडत असाव्यात असं निघालं. आधी माहीतच नसलेल्या १०६ जुळण्या आणि रचना माहीत नसलेल्या ८०६ जुळण्यांची प्रतिमानं त्यांनी बांधली. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं ते प्रथिनांच्या रचनेचा अंदाज करण्यासाठी, आणि बेकर यांना संगणकावर नवी प्रथिनं घडवण्यासाठी.

अशी प्रतिमानं हाती आली की २००६ चा हिशेब पुन्हा, जास्त रेघांवर करता येतो आणि तो करायला हवा. फक्त दोन गोष्टी जपाव्या लागतात. क्षणभर धरून सोडणारे दुवे आणि घडी नसलेल्या लवचिक तुकड्यांचे दुवे या चाळणीतून जास्त निसटतात. पीसीएनएच्या खळग्यात बसणारे तुकडे साधारण याच जातीचे. त्यामुळं अनेक जागांचे, कायम जोडलेले हब अशा जाळ्यात आपोआप जास्त भरतात, आणि आधी प्रयोगामुळं येत होता तसा कल आता पद्धतीतून येऊ शकतो. दुसरी गोष्ट नातेवाईक प्रथिनांची. एकाच कुळातली सात-आठ प्रथिनं असली तर क्रमांच्या जोड्या लावतानाच सरमिसळ होते. कुणाचा बदल कुणाला सांभाळून घेत होता ते नीट सांगता येत नाही. अल्फा वलयाचे सात घटक म्हणजे अशा सरमिसळीला आमंत्रणच.

आणि अल्फा४ ची ती जादा प्रत ही फक्त जनुक कापलेल्या यीस्टमधली करामत नाही. वलय जुळवायला मदत करणारी पीबीए३ आणि पीबीए४ ही प्रथिनं नसली तर अल्फा३ चं जनुक शाबूत असूनही यीस्टमध्ये तसे प्रोटिअसोम बनतात. मानवी पेशींमध्येही अल्फा४ दोनदा बसलेले प्रोटिअसोम सापडले आहेत. तिथं अल्फा४ चा शेजारी अल्फा४ च असतो. जाळ्यात हा दुवा काढायचा तर रेघ एका बिंदूतून निघून त्याच बिंदूवर परतेल. पण जाळ्याचं विश्लेषण सुरू करताना स्वतःशीच जाणाऱ्या रेघा पुसून टाकायची रीत आहे, बहुतेक साधनांत त्यासाठी तयार आज्ञा असते, आणि दुवे मोजायला सुरुवात होण्याआधीच ती चालवलेली असते.